टोकियोचा डॅफ्ने, बेळगावचा अनंत

मार्चच्या पहिल्या आठवड्यात टोकियोहून पुतणीचा फोन आला. नोकरीसाठी तिकडे जाऊन तिला पाच महिने झाले होते आणि दर फोनला करमत नसल्याचे रडगाणे ठरलेले. त्या दिवशी मात्र म्हणाली, "काकू, स्टेशनच्या वाटेवर एका कुंपणापाशी मी रोज थांबते. आपल्या देवघरासारखा वास येतो!" मागोमाग फोटो आला. कमरेएवढे झुडूप, जाड चकचकीत पाने, फांदीच्या टोकाला फुलांचा झुपका. आतून पांढरा, बाहेरून जांभळट गुलाबी.

हे डॅफ्ने. जपानी नाव जिनचोगे. मूळचे चीनचे, पण जपानी अंगणात शतकांपूर्वीच रुजलेले. थंडी सरताना ते फुलते. शाळा-कॉलेजांचे निरोप समारंभही तिकडे मार्चमध्येच असतात.

आमच्या सासूबाई कन्नड माहेरच्या. मोगऱ्याला मल्लिगे आणि चाफ्याला संपिगे म्हणणाऱ्या. फोटो पाहताच त्यांनी विचारले, "हेसरेनु?" मी नावाची फोड सांगितली. 'जिन' म्हणजे अगरू, 'चो' म्हणजे लवंग, 'गे' म्हणजे फूल. वास अगरूसारखा आणि फूल लवंगेच्या घाटाचे, म्हणून हे नाव. गंमत अशी, की ज्यावरून आपल्या अगरबत्तीला नाव मिळाले ते अगरूचे झाड आणि डॅफ्ने वनस्पतिशास्त्रातही एकाच कुळातले आहेत. तेव्हा पोरीला देवघर आठवले ते अगदीच उगीच नव्हे.

"मग एक रोप पाठवायला सांग," सासूबाईंचा हुकूम सुटला.

रोप असे पाठवता येत नाही. आयातीचा परवाना आणि तपासणी लागते. आणि आले तरी जगायचे कसे? डॅफ्नेला हिवाळ्याची खरी थंडी हवी. मुळाशी पाणी साचलेले त्याला चालत नाही. मुळे कुजतात आणि हिरवेगार झाड बघता बघता वाळते. आपला एप्रिल-मेचा उन्हाळा आणि पाठोपाठ जून-जुलैची झड, दोन्ही त्याच्या मुळावर येणारी. जागा बदललेलीही त्याला खपत नाही. भारतात डॅफ्नेच्या जाती आहेत, पण त्या हिमालयात. सिक्कीम-दार्जिलिंगच्या उंचीवर त्या रानात फुलतात. नेपाळमध्ये त्यांच्या सालीपासून हातकागद करतात, त्याला लोक्ता म्हणतात.

पुतणीला एक गोष्ट मात्र मी बजावून सांगितली. वास घे, पण फांदी तोडून घरात आणू नकोस. डॅफ्नेचे सगळे झाड विषारी आहे. चिकाने कातडीची आग होते. तिच्या घरमालकिणीचे नातवंड रांगते आहे. आपल्या सह्याद्रीच्या डोंगरउतारावर पिवळ्या फुलांचा रामेठा दिसतो ना, तोही याच कुळातला. त्याची साल मासे गुंगवायला वापरत. सुगंधी आणि विषारी, हे या घराण्यात चालतेच.

सासूबाई हिरमुसल्या. मग मी त्यांना जपान्यांचा हिशेब सांगितला. तिकडे ऋतूंची तीन सुगंधी झाडे मानतात. वसंताचे जिनचोगे, उन्हाळ्याचे कुचिनाशी, शरदाचे किनमोकुसेई. यातले कुचिनाशी म्हणजे आपला अनंत! आणि केशरी फुलांचा सडा घालणारे किनमोकुसेई हे मोगरा आणि पारिजातक यांच्या कुळातले. म्हणजे तिघांपैकी एक आमच्या विहिरीशेजारी उभाच होता. पाने पिवळी पडलेली, तीन वर्षे कळी न धरलेला.

दोष आमचाच. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने अनंताची पाने पिवळी पडतात, हे ठाऊक असूनही आम्ही नळी तशीच सोडत होतो. मार्चपासून विहिरीचे पाणी, बुडाशी पालापाचोळ्याचे खत, सकाळचे ऊन अडवणारी पेरूची एक फांदी छाटली, एवढेच केले. मेमध्ये कळ्या धरल्या. मधेच पाणी चुकले तर त्या गळतात, म्हणून सासूबाई स्वतः तांब्या घेऊन जात.

जूनच्या पहिल्या पावसात फूल उमलले. सासूबाईंनी ते फोनच्या पडद्यासमोर धरले. "वास येतोय का गं बाळ?"

पलीकडून पोरीने कॅमेरा खिडकीबाहेर वळवला. रस्त्याच्या कडेला कुचिनाशी फुलले होते.