एकाच कुपींतील अत्तर, निरनिराळ्या मनगटांवर

चैत्री पौर्णिमेस येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते, तेव्हां कुंकवाच्या व बांगड्यांच्या दुकानांशेजारीं अत्तरवाल्याची एखादी लांकडी पेटी उघडलेली दिसते. तो कापसाचा फाया मनगटावर फिरवितो आणि भाव मागाहून सांगतो. हा व्यवसाय आपल्याकडे जुना आहे. 'अत्तार' हें आडनांवच त्याची साक्ष देतें. 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता, आणि त्या हैदराबादेंत चारमिनाराभोंवतीं आजही अत्तराचीं दुकानें आहेत. असो.

गेल्या वर्षीं अशाच यात्रेंत घेतलेली बकुळीच्या अत्तराची एक कुपी नववीच्या मुलींनीं स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशीं वर्गांत आणिली व पांच जणींनीं ती वांटून घेतली. चौघींच्या हातांवर वास मधासारखा गोड व मऊ लागला. पांचवीच्या हातावर मात्र तो उग्र व आंबट झाला. तेव्हां एक जण सहज बोलून गेली, "अत्तर चांगलं आहे, हिच्या अंगालाच तसा वास आहे." ती मुलगी पुढें दोन दिवस शाळेंत आली नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिची आई रोजंदारी बुडवून शाळेंत आली. दाराशीं उभी राहून तिनें विचारलें, "सर, लेकीच्या अंगाला खरंच वास येतो का? काय रोग असंल तर सांगा, डाक्टरकडं नेते."

श्वासास पिकल्या फळासारखा वास येऊं लागला, तहान फार वाढली व मूल वाळूं लागलें, तर तें मधुमेहाचें लक्षण असूं शकतें आणि तेव्हां क्षणाचाही विलंब न करितां दवाखाना गांठावा, हें मला ठाऊक होतें. तसें येथें कांहीं नव्हतें. मुलगी धडधाकट होती. पण मग अत्तर बिघडलें कशानें, हें मला त्या माउलीस सांगतां येईना. म्हणून पुढच्या शनिवारीं आम्ही प्रयोगशाळेंत तें शोधावयास बसलों.

प्रथम अत्तर म्हणजे काय तें पाहूं. कनोज येथें आजही जुन्या पद्धतीनें अत्तर काढितात. तांब्याच्या डेगेंत फुलें व पाणी घालून तिचें तोंड मातीनें लिंपितात आणि खालीं विस्तव पेटवितात. वाफ बांबूच्या नळींतून भपक्यांत उतरते. भपका पाण्यांत बुडविलेला असतो व त्याच्या तळाशीं आधींच चंदनाचें तेल ओतून ठेविलेलें असतें. वाफ निवते, आणि फुलांचा गंध त्या तेलांत उतरतो. चंदन फार महाग झाल्यामुळें अलीकडे पुष्कळ जण त्याच्या जागीं द्रव पॅराफिन वापरतात, हें यात्रेंत कुपी घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

फुलाचा गंध हा एक पदार्थ नव्हे. तें अनेक द्रव्यांचें मिश्रण आहे. बकुळीच्या फुलांत फिनाइल इथिल अल्कोहोल नांवाचें द्रव्य आहे. तेंच गुलाबांतही विपुल असतें. मधाच्या वासांत फिनाइल ॲसेटिक आम्लाचा वाटा असतो. ह्या आम्लाची गंमत अशी कीं, तें अगदीं विरळ असतां मधासारखें लागतें आणि दाट झालें म्हणजे घोड्याच्या तबेल्याची आठवण करून देतें! मधुर वासाचीं अत्तरें थेंबाच्या अंशानें लावावयाचीं असतात, तीं ह्याच कारणानें. आमच्या पांचव्या मुलीनें, घरीं अत्तर कधीं नसल्यामुळें, हौसेनें तीन वेळां फाया फिरविला होता, असें चौकशींत कळलें.

मिश्रणांतील हलकीं द्रव्यें आधीं उडतात व जड द्रव्यें मागें राहतात. म्हणून पहिल्या घटकेचा वास आणि तिसऱ्या प्रहरींचा वास एक नसतो. मनगटाच्या त्वचेची उष्णता सामान्यतः बत्तीस-तेहतीस अंश सेल्सिअस असते. ती चढली कीं उडण्याचा वेग वाढतो. चैत्रांतल्या दुपारीं जें अत्तर तासाभरांत संपतें तें पौषांतल्या सकाळीं बराच काळ टिकतें. त्वचेंतून जो स्निग्ध अंश निघतो तो सुगंधास धरून ठेवितो. कोरड्या त्वचेवरून तो लवकर जातो. लहान मुलांच्या त्वचेवर हा स्निग्धांश थोडा असतो आणि पौगंडावस्थेंत तो वाढतो. आई व मुलगी एकच अत्तर लावितात, पण दोघींचा वास वेगळा भासतो, त्याचें एक कारण हें होय.

त्वचा किंचित् आम्ल असते, त्यामुळें अत्तराचें रूपच पालटतें, असें दुकानदार सांगतात. माझ्या मतें ह्या गोष्टीस फाजील महत्त्व दिलें जातें. थोड्या तासांत द्रव्यें पालटतात त्यापेक्षां तीं कमीअधिक वेगानें उडतात, हाच भेद मोठा आहे. दुसरा भेद असा कीं, हातावर आधींपासून काय आहे त्यांत अत्तराचा वास मिसळतो. घाम स्वतः जवळजवळ निर्गंध असतो; त्वचेवरील सूक्ष्म जंतु त्यापासून वास उत्पन्न करितात. लसणांतील गंधकयुक्त द्रव्यें श्वासांतून व घामांतूनही बाहेर पडतात. जपान, कोरिया व चीन येथील बहुसंख्य लोकांच्या कानांतील मळ कोरडा असतो, आणि त्यांच्या कांखेस वासही फार कमी येतो. ज्या जनुकावर हा मळ अवलंबून असतो तें 2006 सालीं ओळखलें गेलें, आणि कांखेच्या वासाचा संबंधही त्याच जनुकाशीं आढळला. तेव्हां अंगाचा वास हा कोणाच्या शीलाचा किंवा जातीचा पुरावा नव्हे, हें सांगावयास नको. तरी सांगतों, कारण शाळेंत तें विसरलें जातें.

आतां आमचा प्रयोग. पांचही मुलींनीं कोपरापर्यंत हात नुसत्या पाण्यानें स्वच्छ धुतले व कोरडे होऊं दिले. ड्रॉपरनें प्रत्येकीच्या मनगटावर एकेकच थेंब घातला. एक थेंब गाळणीच्या कागदाच्या पट्टीवरही घातला. वास घेणाऱ्यांचे डोळे रुमालानें बांधले होते. लगेच, अर्ध्या तासानें, दोन तासांनीं व चार तासांनीं असें चार वेळां वास घेऊन वहींत टिपण केलें.

पहिल्याच फेरींत पांचव्या मुलीचा हात ओळखतां आला नाहीं! आंबटपणा कोठेंच नव्हता. मग त्या दिवशीं तो कोठून आला? विचारतां विचारतां उलगडा झाला. संमेलनाच्या आदल्या सकाळीं तिनें धाकट्या भावंडांसाठीं दशम्या केल्या होत्या व हात घाईनें फडक्याला पुसून ती शाळेंत आली होती. घरांत करडईचें तेल होतें, आणि तेंही बरेच दिवस उघडें राहिलेलें. करडईचें तेल हवेशीं संयोग पावून लवकर खवट होतें. ह्या खवटाशीं दाट अत्तर मिसळलें, आणि मुलींनीं तो वास तिच्या अंगाचा ठरविला. चार तासांनंतर सर्वांत अधिक सुगंध उरला होता तो तिच्याच मनगटावर.

परंतु दुसरें नवल ह्याहून मोठें निघालें. जी मुलगी तें वाक्य बोलली होती तिला डोळे बांधून पट्टी हुंगावयास दिली, तेव्हां ती म्हणाली, "नुसतं लांकूड." तिला चंदनासारखा वास लागत होता, पण मधाचा गोडवा मुळींच लागत नव्हता, पट्टीवर नाहीं, कोणाच्या मनगटावरही नाहीं. तिनें दोन वेळां पट्टी बदलून मागितली व मग ती गप्प बसली.

ह्यांत तिचा दोष नाहीं. नाकांत गंध ओळखणारे निरनिराळे ग्राहक असतात. मनुष्यांत त्यांचे सुमारें चारशें प्रकार काम करितात. त्यांच्या जनुकांचा शोध लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल ह्यांनीं 1991 सालीं प्रसिद्ध केला आणि 2004 सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. 2014 सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें कोणत्याही दोन माणसांत ह्यांपैकीं तीस टक्क्यांहून अधिक ग्राहकांच्या कामांत फरक असतो. व्हायोलेट फुलांतील बीटा-आयोनोन ह्या द्रव्याचा वास कांहींस गोड फुलासारखा वाटतो, तर कांहींस आंबट व तिखट लागतो. हा भेद एकाच जनुकांतील एका लहानशा फरकानें पडतो. शिवाय लावणाऱ्याचें नाक थोड्याच मिनिटांत त्या वासास सरावतें. आपलें अत्तर उडालें असें वाटून कांहीं जण पुन्हा लावितात, आणि शेजारी बसणाऱ्यास मात्र डोकेदुखी होते.

पुढच्या आठवड्यांत त्या मुलीची आई पुन्हा आली. मी वही उघडून सर्व टिपण वाचून दाखविलें. करडईच्या तेलाचें ऐकून ती मनापासून हंसली आणि म्हणाली, "मग बरणीला झाकण घालते." नंतर तिनें लेकीचें मनगट उचलून नाकाशीं नेलें. त्यावर त्या दिवशीं कांहींच लावलें नव्हतें; ती तरीही बराच वेळ वास घेत राहिली. कुपींत अजून निम्में अत्तर आहे. ती कोणीं ठेवावी ह्याचा पांच जणींत वाद चालू आहे, म्हणून तूर्त ती प्रयोगशाळेच्या कपाटांत आम्लांच्या बाटल्यांपासून दूर ठेविली आहे.