वेग आणि तोल

एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न झपाट्याने वाढू लागले, की त्याची भरभराट झाली असे लोक म्हणतात. जाणता माणूस मात्र आणखी एक प्रश्न विचारतो : हे उत्पन्न किती हातांनी मिळते, आणि त्यांपैकी एक हात थांबला तर घर चालेल काय? राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेलाही हाच प्रश्न लागू पडतो, आणि उज्जैनच्या इतिहासात त्याचे उत्तर सापडते.

1810 मध्ये दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरीस नेली, तरी उज्जैनचा व्यापार बुडाला नाही. माळव्याच्या अफूस चीनमध्ये मोठे गिऱ्हाईक होते. परंतु 1907 मध्ये ब्रिटन व चीन यांच्यात करार झाला, आणि थोड्याच वर्षांत ती निर्यात संपली. पुढे कापडाच्या गिरण्यांनी हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. विनोद मिल 1990 च्या दशकात बंद पडली, आणि कामगारांना आपल्या हक्काच्या पैशांसाठी वर्षानुवर्षे न्यायालयाकडे डोळे लावून बसावे लागले.

आज भारताची वाढ वेगवान आहे आणि तिचे बळही खरे आहे. 1991 मध्ये काही आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकीय चलन उरले होते व सोने गहाण ठेवावे लागले होते. सप्टेंबर 2024 मध्ये तोच साठा 700 अब्ज डॉलरांच्या पुढे गेला. देशातील प्रचंड बाजारपेठ, तरुण मनुष्यबळ आणि सेवांची निर्यात हे या वाढीचे भक्कम खांब होत.

उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. खनिज तेलाच्या गरजेपैकी 85 टक्क्यांहून अधिक भाग बाहेरून येतो. सुमारे 45 टक्के कामकरी शेतीवर अवलंबून आहेत. राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र पाचव्या हिश्श्याहून कमी आहे. म्हणजे खाणारी तोंडे पुष्कळ आणि वाटणीस येणारी भाकर लहान.

उज्जैन परिसरातील सोयाबीन हे याचेच उदाहरण होय. या दाण्यात तेल पाचव्या हिश्श्याइतकेच. उरते ती पेंड, आणि तिचा भाव परदेशी मागणीवर हलतो. 2024 मध्ये हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना बाजारभाव त्याखाली घसरला व शेतकरी रस्त्यावर उतरले. त्याच सप्टेंबरात सरकारने आयात खाद्यतेलावरील जकात वाढविली. तेल महागल्यावर मे 2025 मध्ये कच्च्या तेलावरील मूळ जकात 20 वरून 10 टक्क्यांवर आणली. शेतकऱ्यास भाव द्यावा तर गृहिणीची कढई महागते, आणि कढई स्वस्त करावी तर शेतकरी बुडतो. निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करणाऱ्या देशापुढील हा पेच आहे.

2022 मध्ये महाकाल लोक उभे राहिल्यापासून यात्रेकरूंची गर्दी वाढली, नवा रोजगार आला. परंतु 2020 च्या टाळेबंदीत मंदिराची दारेही मिटली होती, हे विसरता कामा नये. यात्रेच्या जोडीला कारखाने हवेत, पिकांत वैविध्य हवे, आणि तरुणांच्या हाती एकाहून अधिक कसब हवे. वाढीचा आकडा देश किती धावला हे सांगतो; ठेच लागली असता तो सावरेल की नाही, हे ठरते त्याच्या तोलावर.