नाव, नोंद आणि व्यक्ती : सर्वंकष सत्तेच्या कादंबरीचा एक एतद्देशीय संदर्भ

सर्वंकष सत्ता व्यक्तित्व चिरडते, म्हणजे नेमके काय करते? या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः छळ, तुरुंग व वध यांच्या भाषेत दिले जाते. दुःस्वप्नराज्याचे चित्रण करणाऱ्या कादंबऱ्यांचे उत्तर मात्र निराळे आहे. झाम्यातिनच्या १९२०-२१ मध्ये लिहिल्या गेलेल्या ‘आम्ही’ या कादंबरीतील नागरिकांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. त्यांची घरे काचेची आहेत. ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) मधील विन्स्टन स्मिथला नाव आहे. परंतु भिंतीवरील पडद्यातून दरडावणारा आवाज त्याला ६०७९ या आकड्यासह पुकारतो. व्यक्तीचा अंत येथे देहान्ताच्या फार आधी, नोंदवहीत होतो.

शिक्षा आणि नोंद यांतील हा भेद महाराष्ट्राच्या इतिहासातही स्पष्टपणे आढळतो. भंडारदऱ्याच्या परिसरातील देवगावच्या राघोजी भांगरे याने महादेव कोळ्यांना संघटित करून इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड केले. सरकारने त्याला पकडण्यासाठी बक्षीस लावले; १८४८ च्या जानेवारीत पंढरपूर येथे तो पकडला गेला व त्याच वर्षी ठाण्यास फाशी गेला. शिक्षा कठोर होती. परंतु ती एका विशिष्ट माणसाला, त्याच्या विशिष्ट कृत्यांबद्दल होती. शत्रू म्हणून का होईना, सत्तेला राघोजीचे व्यक्तित्व मान्य करावे लागले.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ही मान्यताच काढून घेतली. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ च्या नव्या स्वरूपात मुंबई इलाख्यासही लागू झाला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली, की त्या जाहीरनाम्याच्या वैधतेस न्यायालयात आव्हान देता येत नसे. नोंद झालेल्या माणसावर हजेरी व परवाना यांचे बंधन घालता येई. त्याच्या बोटांचे ठसे घेता येत. मुलांना आईबापांपासून वेगळे करता येई. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे ठेवण्यात आली व त्यांच्याकडून गिरण्यांत काम करून घेण्यात आले. काचेच्या भिंतींची गरज पडली नाही. हजेरीपट पुरेसा झाला.

ऑर्वेलचा जन्म १९०३ मध्ये बिहारातील मोतीहारी येथे झाला. १९२२ ते १९२७ या काळात तो ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता आणि ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. त्याने वरील कायद्यावरून आपले राज्य रचले, असे म्हणण्यास आधार नाही. तथापि पाळत ठेवणारी सत्ता त्याने आतून पाहिली होती, एवढे निश्चित.

तरीही कादंबरी आणि कायदा यांत एक मूलभूत अंतर आहे. ऑर्वेलच्या राज्यात गुन्हा विचाराचा असतो. विन्स्टन चोरून रोजनिशी लिहितो म्हणून तो अपराधी ठरतो. अर्थात त्याला मन आहे, हे छळणाऱ्यांनीही गृहीत धरलेले असते. गुन्हेगार जमातींच्या बाबतीत गुन्हा जन्माचा होता. पाळण्यातील मुलाचे भवितव्य त्याने काही करण्यापूर्वी आणि काही विचार करण्यापूर्वीच लिहिलेले असे. तेथे मन मोडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मन असल्याची दखलच घेतलेली नव्हती.

हा कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. परंतु सराईत गुन्हेगारांसंबंधीचे कायदे त्याच्या जागी आले आणि समाजाच्या नजरेतील शिक्का तसाच राहिला. त्या शिक्क्याला उत्तर मिळाले ते मराठी आत्मकथनांतून. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या दोन्ही पुस्तकांची शीर्षके म्हणजे समाजाने मारलेले शिक्केच होत. लेखकांनी ते पुसले नाहीत. मुखपृष्ठावर घेतले आणि त्यांच्यासोबत स्वतःचे नाव लिहिले.

झाम्यातिनचा नायक अखेर शस्त्रक्रियेने कल्पनाशक्ती गमावतो. विन्स्टन सत्तेवर प्रेम करू लागतो. दोन्ही कादंबऱ्यांत शेवटचा शब्द सत्तेचा आहे. येथे मात्र नोंदवहीतील माणसांच्या वंशजांनीच लेखणी हाती घेतली. दुःस्वप्नराज्याच्या कादंबरीचा अभ्यास करताना ही आत्मकथने तिच्याशेजारी ठेवून वाचणे म्हणूनच अगत्याचे आहे. व्यक्तित्व कसे नष्ट होते हे कादंबरी सांगते. ते परत कसे मिळवले जाते, हे या आत्मकथनांवरून कळते.