जिने पाहून निवडा स्टेशन

लंडनची भुयारी रेल्वे, म्हणजेच ट्यूब, 10 जानेवारी 1863 रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुरू झाली, तीही वाफेच्या इंजिनावर. तिची बहुतेक स्टेशनं बांधली गेली तेव्हा गुडघे धरलेल्या प्रवाशाचा विचार कोणी केला नव्हता. आजही 272 स्टेशनांपैकी साधारण एकतृतीयांश स्टेशनांतच एकही पायरी न चढता-उतरता फलाट गाठता येतो. मुलांकडे राहायला गेलेले आईवडील ‘ट्यूब आपल्याला झेपायची नाही’ म्हणत घरात बसतात ते यामुळेच. मला ते पटत नाही. ट्यूब झेपते; मात्र मार्ग ठरवताना वेळेआधी पायऱ्यांचा हिशेब करायला हवा.

हॅरी बेकचा 1933 साली छापला गेलेला ट्यूबचा नकाशा अप्रतिम आहे, पण त्यात ना खरं अंतर कळतं ना जिने. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही लागोपाठची स्टेशनं जेमतेम अडीचशे मीटरांवर आहेत. वरून रमतगमत चालत जावं. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टसमोर रांग दिसली म्हणून गोल जिन्याकडे वळू नका, त्याला 193 पायऱ्या आहेत. ज्येष्ठांनी पायऱ्या नसलेल्या मार्गांचा वेगळा नकाशा जवळ बाळगावा. त्यात व्हीलचेअरचं निळं चिन्ह असेल तिथे रस्त्यापासून थेट डब्यात जाता येतं. पांढरं असेल तिथे लिफ्ट फलाटापर्यंतच पोचवते, डब्यात शिरताना पाय उचलावा लागतो.

नवं बांधकाम नेहमीच दयाळू. ज्युबिली लाइनचा 1999 साली पुरा झालेला वेस्टमिन्स्टर ते स्ट्रॅटफर्ड हा टप्पा सगळा लिफ्टचा. 2022 ची एलिझाबेथ लाइन ट्यूबमध्ये मोजत नाहीत, पण तिच्या प्रत्येक स्टेशनात पायऱ्यांविना जाता येतं, डबे वातानुकूलित आहेत आणि ती थेट हीथ्रोपर्यंत जाते.

मराठी माणसाची पावलं हमखास वळतात ती 10, किंग हेन्रीज रोडकडे. 1921-22 मध्ये डॉ. आंबेडकर या घरात राहिले. जवळचं स्टेशन चॉक फार्म, नॉर्दर्न लाइनवर. एम्बँकमेंटहून निघालात तर फलाटावरच्या पाटीवर ‘एजवेअर’ वाचूनच गाडीत चढा. हाय बार्नेटची गाडी कॅम्डन टाउननंतर दुसरीकडे जाते. एम्बँकमेंटचा हा फलाट वळणाचा आहे आणि डबे सरळ, त्यामुळे मध्ये चांगलीच फट राहते. ‘माइंड द गॅप’ ही सूचना इथे ओस्वाल्ड लॉरेन्स या दिवंगत नटाच्या आवाजात ऐकू येते. त्यांच्या पत्नीच्या विनंतीवरून ती 2013 साली पुन्हा सुरू केली गेली. चॉक फार्म मात्र पायऱ्यांविना जाता येणाऱ्या स्टेशनांत नाही. गुडघे फारच कुरकुरत असतील तर बसने जावं, लंडनच्या बस खालच्या पायरीच्या असतात.

सकाळी साडेनऊनंतर निघा, चारच्या आत परता. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा. बँकेचं कार्ड दोघांचं वेगवेगळं हवं आणि आत जाताना टेकवलेलंच कार्ड बाहेर पडतानाही टेकवायचं, नाहीतर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. दाराजवळच्या राखीव जागेवर कोणी बसलं असेल तर संकोच न करता विचारा. आणि मुलांनो, रविवारची वाट पाहायला लावू नका. एकदा सोबत जाऊन कार्ड, पाटी आणि लिफ्ट दाखवा, मग आईबाबांना आपापलं फिरू द्या.