केशरोपण : हिशेब वीस वर्षांचा

लग्नसराई जवळ आली की निपाणी परिसरातील दवाखान्यांत एका विशिष्ट रुग्णाची भर पडते. वय बावीस ते अठ्ठावीस, प्रकृती ठणठणीत, तक्रार एकच : कपाळ मागे सरकू लागले आहे. सोबतचे वडील हळूच विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, फोटो बघूनच स्थळं परत जायला लागलीत. केस लावून घ्यावेत काय?’ हा प्रश्न हसण्यावारी नेणे मला योग्य वाटत नाही. त्या तरुणाच्या दृष्टीने तो आयुष्याचा प्रश्न असतो. म्हणून त्याचे उत्तरही आयुष्याचा हिशेब मांडूनच द्यावे लागते.

न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ मध्ये पुरुषी टकलावर केशरोपण केले व १९५९ मध्ये त्यामागील तत्त्व प्रसिद्ध केले. डोक्याच्या मागील व बाजूच्या भागातील केस पुढे लावले, तरी ते आपला मूळ टिकाऊ गुणधर्म सोडत नाहीत. या शास्त्राचा पाया हाच आणि मर्यादाही हीच. शस्त्रक्रियेने नवा केस निर्माण होत नाही. असलेल्या केसाची केवळ जागा बदलते.

आपल्याकडील तंबाखू उत्पादकाला हे चटकन उमगते. तो तरवा टाकतो, रोपे लावतो आणि नांग्या भरण्यासाठी काही रोपे राखून ठेवतो. डोक्याचा मागील भाग हा असाच तरवा होय. मात्र तो दुसऱ्यांदा टाकता येत नाही. मुळासकट काढलेला केस तेथे पुन्हा उगवत नाही.

आनुवंशिक टक्कल ही पुढे सरकत जाणारी अवस्था आहे. तेविसाव्या वर्षी महाविद्यालयीन वयातील केशरेषा हट्टाने खाली आणली, तर लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या मागचे मूळचे केस गळतच राहतात. चाळिशीत पुढे केसांची पट्टी व मागे उघडे माळरान असे विचित्र दृश्य उरते, आणि नांग्या भरायला तरवा संपलेला असतो. यास्तव वडील, काका व मामा यांची डोकी पाहावीत, गळतीचा वेग काही काळ नोंदवावा आणि केशरेषा प्रौढ वयाला शोभेल अशीच आखावी. मिनॉक्सिडिल व फिनास्टराइड यांचा उपयोग औषध चालू असेपर्यंतच टिकतो. फिनास्टराइडमुळे काहींना लैंगिक तक्रारी उद्भवतात, हे लग्नाळू तरुणाला स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

मुहूर्ताचे गणितही ध्यानात घ्यावे. रोपलेले बहुतेक केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात आणि खरा परिणाम दिसण्यास साधारण वर्ष लागते. लग्नाच्या दोन महिने आधी ही घाई निरर्थक होय.

निदानाआधी उपचार नको. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ पासून अनेक ग्रामस्थांचे केस अकस्मात गळले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेव्हा रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे लक्ष वेधले. प्रत्येक केसगळती आनुवंशिक नसते. थायरॉइड, रक्तक्षय, टायफॉइड वा डेंग्यूनंतरची गळती आधी तपासावी.

ही अखेर शस्त्रक्रियाच आहे. मार्च २०१९ मध्ये मुंबईतील एका त्रेचाळीस वर्षीय व्यावसायिकाचा केशरोपणानंतर दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला; तीव्र अ‍ॅलर्जीचा संशय व्यक्त झाला होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून बजावले की, कार्यशाळेत अथवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

सीमाभागातील आपल्या व्यवसायबंधूंची जबाबदारी येथे वाढते. रुग्ण कोल्हापूर, पुणे वा बेंगळुरूला जाऊन येतो. सूज, पू किंवा ताप मात्र रात्री आपल्याच दारी येतो. तेव्हा जाण्यापूर्वीच त्याला चार प्रश्न लिहून द्यावेत : शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार? भूल कोण देणार? अत्यवस्थ झाल्यास सोय काय? आणि पुढील वीस वर्षांसाठी किती केस राखून ठेवणार? चौथ्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर न देणाऱ्याच्या हाती आपले डोके देऊ नये, आणि केस विरळ म्हणून जावई नाकारणाऱ्यांनीही अंमळ विचार करावा.