तारापूरच्या तटाआड

तारापूर म्हटलं की अणुवीज केंद्र. ऑक्टोबर 1969 पासून तिथे वीज तयार होते आहे. बोईसरची औद्योगिक वसाहतही तारापूरचंच नाव लावते. ज्याचं हे नाव, ते गाव मात्र बोईसर स्टेशनपासून दहा-अकरा किलोमीटरवर, खाडीच्या तोंडाशी आहे आणि तिथे एक किल्ला आहे, हे बोईसरला नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही कित्येकदा ठाऊक नसतं.

दरवाजातून आत गेलं की पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं. आत नारळांची वाडी आहे, विहीर आहे, गार सावली आहे. तट जाड, बुरूज अजून उभे. पण किल्ला खासगी मालकीचा, त्यामुळे आपण इतिहासाचे अभ्यासक वगैरे असलो तरी इथे पाहुणेच.

किल्ला खासगी झाला तो पेशवाईच्या शेवटी. तारापूरचे पारशी व्यापारी विकाजी मेहेरजी यांना पेशव्यांनी तो इनाम दिला. याच घराण्याने पुढे हैदराबादेत सावकारी पेढी काढली, निजामाला कर्जं दिली. औरंगाबादच्या टांकसाळीत पाडलेला त्यांचा पेस्तनशाही रुपया आजही नाणेसंग्राहक शोधत असतात. निजामाकडची येणी बुडाली आणि पेढीही बुडाली.

वाडीत उभं राहून आठवायचं ते मात्र त्याआधीचं. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला, आणि 1593 मध्ये त्यांनी इथला कोट बांधला. या भागाला लोक फिरंगाण म्हणत. अनाथ हिंदू मुलं ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांच्या हवाली करावीत, असा पोर्तुगालच्या राजसत्तेचा 1559 चा हुकूम होता. आई जिवंत असतानाही बाप मेला की मूल गेलं, अशी भीती त्यामागे आली. असल्या जाचाची गाऱ्हाणी घेऊनच अंजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांकडे गेले होते.

जानेवारी 1739 मध्ये बाजीराव पेशव्यांचे भाऊ चिमाजी आप्पा यांच्या फौजेने माहीम, केळवे, शिरगाव घेत तारापूर गाठलं. माहीमला आदल्या मोहिमेत मराठ्यांना मार बसला होता, त्याची सल होती. इथे तटाखाली सुरुंग घातले, भगदाडं पडली आणि लोक आत घुसले. किल्लेदाराच्या माणसांनी जागा सोडली नाही. ते शौर्याने लढले हे मराठ्यांनीही मान्य केलं आहे. मग हातघाई झाली, आणि निकाल तलवारीने लागला. बाजीरावांचा जिवलग बाजी भिवराव रेठरेकर इथेच गोळी लागून पडला.

विजयाचं वर्णन आपण आवडीने वाचतो. पण कोटातले सगळेच काही लिस्बनहून आलेले नव्हते. फिरंगाणातल्या कुठल्याही ठाण्यासारखे इथेही याच किनाऱ्यावरचे लोक, पोर्तुगिजांच्या चाकरीतले, असणारच. त्यांच्या घरी कोणी सांत्वनाची पत्रं पाठवली असतील असं वाटत नाही.

चारच महिन्यांनी, मे 1739 मध्ये, वसई पडली. तिथे सुरुंगही उडाले, माणसंही मेली, पण शेवट तहाने झाला. हत्यारं आणि कुटुंबकबिला घेऊन शिबंदीला निघून जायची मुभा मिळाली. हे औदार्य आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावंही. मला मात्र वाटतं, वसईच्या तटावर पांढरं निशाण चढवणाऱ्यांना तारापूरची बातमी नक्की पोचलेली होती. झुंजत राहिलं तर काय होतं, हे तारापूरने दाखवलं होतं. शरण आलं तर काय मिळतं, ते वसईत दिसलं. एकाच सेनापतीच्या या दोन बाजू आहेत, आणि पहिलीशिवाय दुसरी नीट कळत नाही.

वसईच्या घंटा भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात बघायला मिळतात. तारापूरचं असं मिरवण्याजोगं काही आपल्याकडे आलं नाही, म्हणून इथे कुणी फिरकत नाही.

जायचं असेल तर पावसाळा संपल्यावर जा. वाडीवाल्यांना आधी विचारा, आणि ते हो म्हणाले तरच आत पाऊल टाका.