व्यवस्थापनाचे शिक्षण आणि सातपुड्याचा आमचूर

एमबीए म्हणजे नफ्याचे गणित, हा समज हळूहळू बदलत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००७ मध्ये जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची तत्त्वे मांडण्यात आली. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यासाठी राखून ठेवण्यास सांगितले. मात्र उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळविले, हा प्रश्न नीतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

नंदुरबार जिल्ह्यात त्याचे उत्तर शोधता येते. धडगाव, अक्कलकुवा परिसरातील आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर तयार करतात. हंगाम थोडा, पाऊस तोंडावर आणि हाती रोकड नाही. अशा वेळी भाव ठरवितो तो खरेदीदार. मग स्वस्तात खरेदी करणे हे कौशल्य मानायचे की अडवणूक?

उत्पादकांच्या संस्थांना प्रशिक्षित व्यवस्थापक मिळावेत, या हेतूने डॉ. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये शेजारच्या गुजरातेत, आणंद येथे ग्रामीण व्यवस्थापन संस्था उभारली. तोच विचार येथेही उपयोगी पडेल. वाळवणातील घट, साठवण, वाहतूक आणि एकत्रित विक्री यांचा हिशेब मांडून उत्पादकाच्या पदरात रास्त भाव टाकणे, ही व्यवस्थापनाच्या पदवीधराची खरी परीक्षा ठरावी. सातपुड्यातील आंब्याची झाडे टिकायची, तर ती जपणाऱ्यांचे घरही त्यांवर चालले पाहिजे.